सौ.च्या नाडीतले जोडठोके

३ फेब्रु. ८८, बुध.
सौ.ला आज पुन्हा जेवण गेलं नाही. मळमळतं म्हणते. भाताचा घास हातात धरून विचारते, "हळद सांडली काय हो भातात?" मला तर पांढरा दिसत होता. झडप अरुंद आहे हृदयातली, लहानपणी सांधे धरून ताप आला होता तेव्हापासूनची. दिवाळीत गोळी सुरू झाली आणि धाप कमी झाली. हल्ली जिना न थांबता चढते, वर आली की माझ्याकडे बघून ऐटीत हसते. आणि आता हे.

४ फेब्रु., गुरु.
शेजारच्या पार्वतीबाईंनी निकाल देऊन टाकला, कावीळ. परातीत चुन्याचं पाणी घेऊन सौ.चे हात चोळले, काहीबाही पुटपुटल्या. पाणी पिवळं झालं. "उतरली बघा," म्हणाल्या. सौ.चं समाधान झालं. माझंही झालं, खोटं कशाला लिहू. पण डोळे पांढरेच आहेत तिचे.
नाडी पाहिली. बेताल तर ती आधीपासूनच आहे. आता मात्र ठोके जोडीनं येतात. टक-टक, गप्प. टक-टक, गप्प. आपले डॉ. लग्नाला गावी गेलेत, सोमवारी येतील.

६ फेब्रु., शनि.
नंदाकडे जाऊन आलो. ताईची धाकटी. मानखुर्दच्या पुढे प्रयोगशाळेत उंदरांच्या हृदयावर काम करते. दिवाळीत तिला विचारलं होतं, मामीची ती गोळी आत जाऊन करते तरी काय? "दाखवतेच मामा." मी आज जाणार नव्हतो. सौ.नेच घालवलं. म्हणे, महिनाभर डोकं खाल्लंत, जा एकदाचे, मी काय पळून जात नाही.

गेटवर खिशातली काडेपेटी काढून घेतली. चपला बाहेर. नंदा उंदराच्या हृदयाची पेशी न् पेशी सुटी करते, बशीत ठेवते. "डोळा लावा, हात टेबलाला नको."

काय लिहू. विटेसारखी लांबट पेशी, अंगभर आडवे पट्टे, इतके एकसारखे की आमच्या मिलच्या सांच्यावर असं कापड कधी उतरलं नाही. सगळ्या निपचित. नंदाने बटण दाबलं, विजेचा बारीक झटका, आणि सगळ्या एकदम आखडल्या. सैल झाल्या. पुन्हा बटण, पुन्हा आखडल्या. उंदीर नाही, रक्त नाही, आणि ठोका आहे! डोळ्याला पाणी आलं, काच धुरकटली. नंदाने हसून पुसली.

सांगितलं ते विसरायच्या आत: पेशीत कॅल्शियम साठवायच्या थैल्या असतात. ठोक्याला बाहेरून जेमतेम चिमूटभर आत येतं. तेवढ्याने काम भागत नाही, पण त्याची चाहूल लागली की थैल्यांची तोंडं उघडतात आणि खरा साठा सुटतो. मग पेशी आखडते. मी म्हटलं, गावच्या हातपंपात आधी तांब्याभर पाणी ओतावं, मग खालचं वर येतं, तसं? "अगदी तसंच." लगेच सगळं पुन्हा उपसायचं, बहुतेक थैल्यांतच परत. पुढच्या ठोक्याची तयारी. पानाच्या चुन्यातही हेच कॅल्शियम म्हणे.

मग मी विचारलं, कॅल्शियम पाहून कॅल्शियम सुटतं, तर सुटलेलं पाहून आणखी सुटायला हवं. थांबतं कसं? एका ठोक्यात सगळं रितं का होत नाही?
नंदाने चष्मा काढला. "ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही, मामा."
कुणालाच कळलेलं नाही, आणि माझ्या छातीत ते आत्ता बिनबोभाट चाललंय. बसमध्ये सगळ्यांच्या छात्यांकडे बघत आलो. कंडक्टरच्या, भाजीवालीच्या. प्रत्येकीत सुटतंय, भरतंय. थांबतंय.

एक राहिलं. बशीच्या कडेला तीनचार पेशी बटण न दाबताच वळवळत होत्या, या टोकाकडून त्या टोकाला लाट. मला वाटलं याच जास्त जिवंत. नंदा म्हणाली, उलट. साठा फाजील झालाय, आपोआप सांडतोय, त्या मरायला टेकल्यात. मामीची गोळी तोच साठा थोडासा वाढवते म्हणून ठोका जोरात पडतो. थोडासाच वाढायला हवा, म्हणाली.

७ फेब्रु., रवि.
सकाळी चहाबरोबर सौ.ला सगळं सांगितलं, हातवारे करून. आधी उंदरासाठी हळहळली. त्या वळवळणाऱ्या पेशींचं मात्र पुन्हा सांगायला लावलं. मग कप खाली ठेवला.
"मग आजची गोळी घेऊ की नको?"
म्हटलं, आज रविवार. शनिवार-रविवार गोळीला सुट्टी, डॉ.नी पहिल्याच दिवशी सांगितलंय.
"कालची घेतली. संक्रांतीपासून घेतेच आहे मी दोन्ही दिवस." आणि मग, जरा रागानेच, "हृदयाला असतो काय रविवार?"
मिलमधली माझी सगळी वर्षं मीही सुट्टीला पगार कापायची मालकाचीच चाल समजत आलो.
खालच्या दुकानातून नंदाला फोन केला. भात पिवळा दिसतो म्हटल्यावर पुढचं ऐकूनच घेतलं नाही. "मामा, कावीळ नाही ती. गोळी जास्त झालीय, म्हणून पिवळं दिसतं. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल."
टॅक्सीत सौ.चं मनगट धरून. टक-टक, गप्प.

९ फेब्रु., मंगळ.
गोळी बंद. अंगातलं औषध उतरायला वेळ लागतो म्हणतात. उशाशी यंत्र, पडद्यावर हिरवी रेघ. प्रत्येक ठोक्याला चिकटून एक जादा. आता मला ठाऊक आहे तो कुठून येतो: भरून सांडणाऱ्या पेशींतून. रेघेकडे बघवत नाही आणि नजरही काढवत नाही. जादा ठोक्यांची रांग लागली तर वाट लागेल, असं शिकाऊ डॉक्टर दुसऱ्याला सांगत होता. मी ऐकतोय हे त्याला कळलं नाही.
सौ.ला सगळे रागावून गेले. तिला माझं जेवण कोण करतं याची काळजी. पार्वतीबाई डबा देतात म्हटलं. "तिखट कमी घालायला सांगा."

११ फेब्रु., गुरु.
जादा ठोके विरळ झालेत. गेले नाहीत. मध्ये बराच वेळ एकही येत नाही, मी सुटलो म्हणतो, आणि येतो.

१२ फेब्रु., शुक्र.
मोठे डॉ. आले होते. नुसत्या गोळीवर भागणार नाही, झडप उघडावी लागेल. कसं ते खुर्ची ओढून नीट सांगितलं. हृदय बंद करत नाहीत. ते चालू असतानाच बारीक भोक पाडून आत बोट घालतात आणि झडप मोकळी करतात. धडधडत्या हृदयात माणसाचं बोट! मी त्यांच्या हाताकडेच बघत राहिलो. साधा हात, नखं बारीक कापलेली. धोका विचारला. आहे, म्हणाले, पण असंच ठेवण्यातही आहे. उद्या सांगा.
ते गेल्यावर सौ. उशीला टेकून बसली. मग हळूच, "बोट लागलं की दचकेल का हो ते?"
मी म्हटलं, नंदाला विचारतो.
"तिला काय विचारता, ती उंदरांची. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."
मला वाटतं दचकेल. दचकून पुन्हा लयीत येईल असंही वाटतं. पण दोन्हींतलं आधी काय सांगू? भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. नर्स एकदा डोकावून गेली. सौ.चा हात माझ्या हातात, आणि ती माझ्या तोंडाकडे बघतेय.