प्लेटवरची रेघ

३, सोमवार
नवी नोकरी, नवं शहर, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पडदे नाहीत, म्हणून नवरोबांनी खिडकीला चादर टांगली आणि स्वतःवरच खूश झाले. प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या काचेच्या प्लेटा धुवून माझे हात लाल झालेत. दाखवले तर म्हणतो, घरची भांडी घासायची म्हटली की मात्र तुझी कंबर दुखते.

९, रविवार
याचा खोकला जात नाही. तिसरं औषधही फुकट गेलं. पँट कमरेवर टिकत नाही, तरी ऐटीत सांगतो, बारीक झालो.

१४, शुक्रवार
याची थुंकी तपासायला नेली. आमच्याकडे प्लेटा पुरत नाहीत, म्हणून मधोमध रेघ मारून एकीत दोन नमुने लावतात. दुसऱ्या अर्ध्यात माझ्याच घशातला लावला.

१७, सोमवार
माझा अर्धा भाग गच्च भरलाय. याचे जंतू फक्त रेघेला चिकटून. पलीकडे सगळं कोरं.
प्रयोगशाळेच्या मॅडमनी प्लेट उजेडाकडे धरली. मग म्हणाल्या, तुझे जंतू रांधतात, त्याचे राखण करतात. औषध आलं की त्याचे ते पचवून टाकतात. हजारो पिढ्या शेजारी राहून एकमेकांची कामं विसरलेत, आता त्याचे एकट्याने उगवतच नाहीत आणि तुझेही फार दिवस तगत नाहीत. मला काही होत नाही. छाती त्याची पोखरतेय. मी जवळ गेले की त्यांना जेवण पोचतं.
हा शेजार तोड, म्हणाल्या. तीन आठवडे त्याच्याजवळ जाऊ नकोस, उपाशी मरतील.

१८, मंगळवार
आतली खोली त्याची. बाहेरून कडी. सगळं समजावलं तर हसला. म्हणाला, माहेरी जायचंय तर सरळ सांग, जंतूंना कशाला मध्ये घालतेस.

२४, सोमवार
खोकला निम्म्यावर. ताट चाटूनपुसून परत आलं. दाराला पाठ लावून रडले. आतून त्याने हळूच विचारलं, तुला माझी किळस येते का.

२७, गुरुवार
अशी ओढ लग्नाच्या पहिल्या वर्षीही नव्हती. जेवताना. प्लेटा धुताना. माझीच आहे ना ही? की माझ्या आत उपाशी मरणाऱ्या जंतूंची —

२९, शनिवार
दुपारी कडीवर हात होता. माझा. काढला. मॅडमना म्हटलं, मला कामावर डांबून ठेवा. म्हणाल्या, दहाच दिवस गं.

३०, रविवार
सकाळी दूध गॅसवर ठेवलं, एवढं आठवतं. वही त्याच्या गादीवर कशी — त्याचं डोकं माझ्या मांडीवर. किती हलकं. म्हणतो, झालो ना बरा.
आत्ता तो परत खोकला.
उठायला हवं. पाय —
म्हणतो, थोडा वेळ बस. मी नाही म्हणणार होते, तोंडातून हो —