बोअरच्या पाण्यात न टिकलेली पूड

सर,

तुमची आणि माझी तक्रार एकच आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते. जे झालं नाही ते झालं म्हणून सांगायची जी सवय आपल्या लोकांना लागली आहे, तिचा तुम्हाला संताप यायचा आणि मलाही येतो. पाइपात थेंब नसताना नळाला हार घालणारे, रोपं वाळून गेलेल्या माळावर जंगल उभं राहिल्याचं भाषण ठोकणारे, यांच्यावर मी गावोगावच्या सभांतून घसा बसेपर्यंत बोलत आले आहे. आता ती सवय तुमच्याच नावाला येऊन चिकटली आहे. उद्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातल्या आपल्या जुन्या प्रयोगशाळेला तुमचं नाव देणार आहेत. दाराशी काळ्या दगडाची पाटी बसवली आहे, मी आज दुपारी पाहून आले. तुमच्या नावाखाली लिहिलं आहे, ‘मराठवाड्याच्या पाण्यातलं फ्लोराइड दूर करणारे रसायनशास्त्रज्ञ’. सर, तुम्ही ते दूर केलं नाही. हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत आहे, आणि उद्या त्या पाटीसमोर मुख्य भाषण माझं आहे.

आताचा विभागप्रमुख तुमचाच विद्यार्थी, माझ्या मागून आलेला. त्याला मी तिथंच धरलं. तो हसला. ‘ताई, पाटीवर काय प्रबंध लिहायचा का? लोकांना एक ओळ कळते. त्यात सरांचं भलंच होतंय ना?’ मी म्हटलं, ‘भलं करून घ्यायला सर आहेत कुठं?’ त्यावर तो म्हणाला, ‘मग वाईट तरी कुणाचं होतंय, सांगा ना.’ एरवी मी त्याला जागेवर बसवलं असतं. पण मी तेव्हा नुकतीच, तुमच्या मागं एकट्या राहिलेल्या काकूंकडून आले होते, आणि तशीच मागं फिरले. काकू काय म्हणाल्या ते सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं, पण थेट तिथवर जायचं धाडस होत नाही. थोडी आडवाटेनं येते.

तुमच्यासमोर पहिल्यांदा बसलेली मी मला अजून दिसते. सिल्लोडकडच्या गावातून एसटीनं आलेली, नवी कोरी एम.एस्सी. आणि बोलताना ओढणी तोंडावर धरणारी. आमच्या गावात सगळ्यांचेच दात तसे, पिवळट-तपकिरी पट्टे पडलेले. लहानपणापासून प्यालेल्या बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडचं ते काम. मी गुण सांगायला लागले तर तुम्ही मधेच विचारता, ‘बोअर किती खोल आहे गावातली?’ मी गोंधळते. माहीत नाही म्हणते. ‘विचारून ये. आणि ती ओढणी खाली घे. तुझं अर्धं बोलणं तिच्यातच मुरतंय.’ आज हजारोंपुढं माइक हातात घेते तेव्हा लोक म्हणतात, बाईला भीती ठाऊक नाही. त्यांना काय माहीत, माझी ओढणी कुणी खाली घ्यायला लावली ते.

तेव्हा ‘नॅनो’ हा शब्द आपल्याकडं अजून फॅशनमध्ये आला नव्हता. तुम्ही आपले ‘बारीक पूड’ म्हणायचात. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे कण, साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणारही नाहीत इतके लहान. कण जितका लहान तितकं वजनाच्या मानानं त्याचं अंग, म्हणजे पृष्ठभाग, जास्त, आणि अंग जास्त म्हणजे फ्लोराइडला चिकटायला जागा जास्त, एवढी साधी ती कल्पना होती. औरंगपुऱ्यातल्या तुमच्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्ही काकूंना समजावत होता, की चमचाभर पुडीचं अंग पसरलं तर एक अख्खा प्लॉट भरेल. काकू भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘मग तोच विका की. बाहेर भाव बघा काय चाललाय जागेला.’ शहर तेव्हा चारी दिशांना उधळलं होतं. काल ज्वारी होती तिथं आज चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसायच्या, आणि प्रत्येक रेघेच्या आत एक नवी बोअर. तुम्ही हसलात, पण लगेच गंभीर झालात. ‘प्लॉट वाढले की पाणी खाली जातं,’ म्हणालात, ‘आणि जितकं खोल जाऊ तितकं हे फ्लोराइड वर येणार.’

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. जायकवाडीचा तळ उघडा पडला, पैठणहून येणारं पाणी शहराला आठ-आठ दिवसांनी मिळू लागलं. विभागात जागा नव्हती म्हणून गावोगावच्या बोअरचं पाणी भरलेले प्लास्टिकचे कॅन तुम्ही स्वयंपाकघरातच भिंतीशी ओळीनं मांडले होते. प्रत्येकावर गावाचं नाव. एसटीच्या टपावरून, कंडक्टरची बोलणी खात आपण ते आणलेले. शेजारच्या मावशी रिकामी कळशी घेऊन दारात उभ्या राहिल्या, ती दुपार मी विसरत नाही. ‘एवढं पाणी भरून ठेवलंय अन् आम्हाला नाय म्हणता व्हय?’ काकू म्हणाल्या, ‘अहो, ते पिण्याचं नाय. तपासायचं हाय.’ मावशींनी एकेक कॅन निरखून बघितला. ‘पाणी तपासतात म्हणे! लई झालं शिक्षण तुमच्या घरात.’ कळशी आपटत गेल्या त्या. त्या दिवशी काकूंच्या स्वतःच्या माठातही खळखळ ऐकू येईल एवढंच पाणी होतं. त्यांनी त्यातलंच तांब्याभर माझ्या हाती मावशींकडं पाठवलं आणि ओळीतल्या कॅनकडं पाठ करून पुन्हा चुलीशी बसल्या.

माझा पहिला आलेख त्याच उन्हाळ्यात निघाला. ऊर्ध्वपातित पाण्यात, म्हणजे उकळून वाफ थंड करून मिळवलेल्या निव्वळ शुद्ध पाण्यात, मोजून फ्लोराइड टाकलं आणि मग पूड. जवळजवळ सगळं फ्लोराइड गायब. मी धावत तुमच्या खोलीत. तुम्ही बघितलं, खूशही झालात, आणि मग म्हणालात, ‘आता हेच तुझ्या गावच्या पाण्यात कर.’ केलं. आलेख असा कोसळला की मला वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तुम्हीच मग समजावलंत. ‘सिल्लोडच्या स्टँडवर एसटी लागली की काय होतं? आपण दारातून चढेपर्यंत लोकांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या असतात. बोअरच्या पाण्यातले बाकीचे क्षार तेच करतात. फ्लोराइड पोहोचेपर्यंत पुडीवर बसायला जागाच नसते.’ मी भांडले तुमच्याशी. देशभर सगळे शुद्ध पाण्यातलेच आकडे छापतात, पहिला आलेख पाठवू, दुसरा पुढच्या पेपरात बघू, त्यात खोटं काय आहे? तुम्ही आवाज चढवला नाहीत. ‘तुझी आई कोणतं पाणी पिते?’ एवढंच विचारलंत. मी रडले. रागानं रडले, हेही सांगते. पेपर गेला तो दोन्ही आलेख घेऊन, आणि संपादकांनी तो परत केला, कारण त्यात उपाय नव्हता. पुढं दुसरीकडच्या कुणीतरी तशीच पूड शुद्ध पाण्यात दाखवली आणि जगभर नाव मिळवलं.

तुम्हाला प्राध्यापकपद मिळालं नाही ते याच हिशोबात. नॅनोचं वारं सुटलं होतं, ज्याच्या त्याच्या प्रबंधाच्या नावात तो शब्द, आणि ज्यानं हे काम आपल्याकडं सुरू केलं त्याला मुलाखतीत विचारलं गेलं, ‘पेपर इतके कमी का?’ तुम्ही म्हणालात, ‘खरे निघाले तेवढेच आहेत.’ हे उत्तर मी माझ्या भाषणांत किती वेळा वापरलं! दरवेळी टाळ्या येतात. पण त्या संध्याकाळी मी तुमच्या घरी होते. काकूंनी श्रीखंडासाठी चक्का बांधून ठेवला होता. तुम्ही आलात, चपला काढल्यात, म्हणालात, ‘नाही जमलं.’ काकूंनी चक्का सोडला आणि त्याची साधी कढी केली. गोडाचं नावही कुणी काढलं नाही. तिथं टाळ्या नव्हत्या, सर. कढीचा वास होता आणि तुम्ही दोघं एकमेकांकडं न बघता जेवत होता.

आणि तरी तुम्ही थांबला नाहीत. पूड बदललीत, पाण्यात आधी थोडं आम्ल घालून बघितलंत, शेवटी माझ्याच गावच्या शाळेत मोठी टाकी बसवलीत. सुरुवातीचे काही दिवस पाणी चांगलं आलं. माझी आई वाकून टाकीला हात लावून पाया पडली. मग फ्लोराइड परत आलं, हळूहळू, जिथून गेलं होतं तिथंच. दुसरा कुणी असता तर टाकी तशीच सोडून, फोटो काढून निघून गेला असता. गावाला काय कळणार होतं? तुम्ही शाळेच्या ओट्यावर माणसं गोळा केलीत. ‘हे पाणी आजपासून पिऊ नका. माझी पूड इथं टिकत नाही.’ एक म्हातारबाबा उठले. ‘अन् मग एवढी वर्सं काय केलं तुमी?’ तुम्ही म्हणालात, ‘काय टिकत नाही ते शोधलं, बाबा.’ सगळा ओटा हसला. मागून कुणी ओरडलं, ‘चला, उद्यापासून पुन्हा टँकर!’ परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीशी बसलात आणि शहराचे दिवे दिसेपर्यंत बाहेर बघत राहिलात. मग म्हणालात, ‘घरी काय सांगू?’ मला वाटलं होतं तुम्हाला विद्यापीठाची चिंता असेल.

तुम्ही गेलात तेव्हाही उन्हाळा होता आणि पाण्याची ओरड होती. तुम्हाला न्यायला गल्लीतला टँकर मागं घ्यावा लागला. बायकांनी रांगेत घागरी तशाच ठेवल्या आणि कोपऱ्यापर्यंत तुमच्याबरोबर आल्या. कॅनवरून टोमणा मारणाऱ्या त्या मावशी सगळ्यांत मोठ्यानं रडल्या.

आता काकूंचं सांगते. जुनं घर विकलं, तिथं मोबाइलच्या दुकानांची तीन मजली इमारत झाली आहे. काकू भाच्याकडं राहतात, शहराच्या पार टोकाला, जिथं तुम्ही गेलात तेव्हा कपाशी होती. नजर कमी झालीय, जीभ तशीच आहे. मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, ‘उद्या तू बोलणार ना? मग एक ऐक माझं. जमलं होतं म्हण.’

‘काकू...’

‘मला शिकवू नको. नव्हतं जमलं, मला माहीत नाय का? त्यांचे कॅन मी धुतलेत. माझ्या सैपाकघरात बसून रडलेत ते, तू नव्हतीस तेव्हा. लग्नापासनं ह्या माणसाच्या तोंडून एकच ऐकत आले, नाही जमलं, नाही जमलं. आता एकदा चार माणसांत, माइकवरून, जमलं होतं असं ऐकू दे मला. तुझं काय जातं गं त्यात?’

सर, तुमच्या विद्यार्थ्यानं विचारलं होतं की वाईट कुणाचं होतंय, त्याला माझ्याकडं उत्तर आहे. उद्या सभागृहात बसलेल्या एखाद्या पोरीचं होतंय, जिच्याकडं दुसरा, कोसळलेला आलेख आहे आणि ती तो लपवायचा की दाखवायचा या विचारात आहे. माझ्या गावाचं होतंय, जिथं अजून बोअर आहे, अजून टँकर येतो, आणि पाटी वाचून कुणीतरी वरचा साहेब म्हणेल की तिथला प्रश्न तर केव्हाच सुटला. ही उत्तरं मी कुणाच्याही तोंडावर फेकू शकते. काकूंच्या तोंडावर फेकता येत नाहीत. त्यांनी तुमच्या खरेपणाची झळ घरात बसून सोसली. मी त्याच्यावर भाषणं केली.

पण मी ‘जमलं होतं’ म्हणणार नाही. उद्या माइकवर मी सांगणार आहे की ती पूड बोअरच्या पाण्यात टिकली नाही, आणि हे ज्या माणसानं गावासमोर उभं राहून सांगितलं त्याचं नाव या दाराला शोभतं. मग सभागृहाला एकच मागणी करणार आहे: नाव ठेवा, त्याखालची ती ओळ आजच्या आज खोडून काढा.

काकू पहिल्या रांगेत असतील. त्यांना हे गर्दीत, पहिल्यांदा माइकवरून ऐकवणं म्हणजे क्रूरपणा होईल. म्हणून सकाळी आधी त्यांच्याकडं जायला हवं, समोर बसून सांगायला हवं, आणि त्यांनी दार लावून घेतलं तर बाहेर उभं राहायला हवं. तुमच्यावर त्या रागावू शकत नव्हत्या, माझ्यावर रागावू देत.

तुम्हाला हे पत्र पोहोचणार नाही, म्हणूनच ते इतकं भराभर लिहून झालं. ज्यांना लिहायला हवं होतं त्यांचा पत्ता माझ्याकडं आहे, रिक्षानं अर्धा तास लागतो, आणि मला त्यांची भीती वाटते.