गेट चारदा वाजलं

जामनगर,
६ जानेवारी २०२५

ती. दुर्गाताईस साईराजचा नमस्कार. वि. वि.

काल फोनवर तू रडत होतीस आणि मी ओरडत होतो, म्हणून कागद घेतला. तू कामाला आहेस त्या कपड्यांच्या दुकानातून बाहेर पडताना दारातलं चोर पकडायचं गेट वाजलं. मिळालं काहीच नाही. तरी मालकीण उर्मिला मॅडम म्हणतात, महिनाअखेरपर्यंत चोर नाहीस हे दाखव, नाहीतर काम बंद. बरोबर ना? मग ऐक, मला एक भारी गोष्ट सापडलीये!

मी इथे गॅसचे व्हॉल्व्ह तपासतो. गळका असला की मशीन वाजतं. पण ते चांगल्यावरही वाजतं! आमच्या गुणवंतभाई मिस्त्रींनी खोक्यावर खडूने मांडून दाखवलं. हजारात गळके दहा, ते दहाही वाजतात. पण चांगल्यातलेही पन्नास उगाच वाजतात. वाजलेले साठ, खरे गळके दहाच! म्हणजे वाजलेल्या प्रत्येकाला गळका म्हणणारा सहात पाचदा चुकतो. ताई, मी सातवी नापास, पण हे कळलं आणि जेवायचंच विसरलो.

आता तू वही घे. गेट किती वेळा वाजलं आणि त्यात चोर किती, लिहीत जा.

ओरडलो ते विसर, माया तेवढी ठेव.
तुझा साई

नवघर, भाईंदर पूर्व,
१५ जानेवारी

चि. साईराज यास आशीर्वाद. वि. वि.

लिहिलं रे बाबा. आठवड्यात गेट त्रेचाळीस वेळा वाजलं, चोर एक. बाकीचे बिचारे बिल भरून जाणारे, काउंटरवाली गेट वाजवणारा टॅग काढायला विसरलेली. मॅडमनी वही वाचली, मानही हलवली. मग म्हणाल्या की लोकांचं एकदा वाजतं, तुझं ओळीने चार संध्याकाळी वाजलं. पाच तारखेपासून त्यांनी मला रिकाम्या हाताने यायला लावलंय. गेट गप्प आहे, तर म्हणे आता नजर आहे म्हणून चोरत नाहीस.

बाबांनाही त्यांचंच पटलं. जन्मभर शिवणकाम केलं, पण गिऱ्हाइकाची चिंधीसुद्धा घरी ठेवली नाही, आणि मुलीचं हे ऐकावं लागतंय म्हणतात. माझ्या हातचा चहा घेत नाहीत. स्वतः करून पितात, तोही बिनसाखरेचा. हसू की रडू?

लवकर लिही, गणिताच्या मास्तरा. जेवत जा.
तुझी ताई

जामनगर,
२० जानेवारी

ती. ताईस नमस्कार. वि. वि.

खोटं कशाला बोलू, चारदा वाजलं हे वाचून मीही डगमगलो. मला दोन फटके मार. पण आज काय झालं! एक व्हॉल्व्ह चारदा वाजला. मी भंगारात टाकणार, तेवढ्यात गुणवंतभाईंनी हात धरला. आत पितळेचा कीस अडकलेला. पुसला, गप्प! कीस एकच, म्हणून घंटाही एकच. एका साक्षीदाराने चारदा सांगितलं म्हणून साक्षीदार चार होत नाहीत!

आणि तूच लिहिलंयस, रिकामे हात, गेट गप्प. मग तुझा कीस हातातल्या सामानातच! त्या चार दिवसांतली एकेक वस्तू गेटमधून ने. बाबांना घेऊन जा. ओढत ने.

इथे पाय जमिनीवर ठरत नाहीयेत, लोभाबरोबर उत्तरही पाठव.
साई

नवघर,
२७ जानेवारी

चि. साई यास आशीर्वाद. वि. वि.

बाबा आले, तोंड पाडून. मी डबा घेऊन गेटमधून गेले, गेट गप्प. मोबाईल, ओढणी, गप्प. मग बाबांनी पर्स स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि चालायला लागले. गेट असं केकाटलं! एक गिऱ्हाईक बाई हिंदीत ओरडली की चाचांना पकडा. मॅडमना हसू आवरेना.

बाबा तिथेच स्टुलावर बसले आणि अस्तर चाचपू लागले. एका कोपऱ्यात बोट थांबलं. कात्री मागितली, चार टाके उसवले. आतून पांढरी कडक पट्टी निघाली, जामनगरच्या दुकानाचं नाव छापलेला टॅग! नव्या वर्षाची भेट म्हणून ही पर्स कोणी पाठवली होती, आठवतंय? एक ते चार जानेवारी मी तीच मिरवत होते; सकाळी आम्ही येतो तेव्हा गेट चालू केलेलं नसतं, म्हणून ते फक्त संध्याकाळी वाजलं. माझा कीस तूच रे!

मॅडमनी सगळ्या मुलींसमोर माफी मागितली. काम पक्कं. आता गेटजवळ वही कायमची बांधलीये.

बाबांनी तिथेच टाके घालून पर्स माझ्या खांद्याला लावली. घरी आल्यावर चहा मलाच टाकायला सांगितला. त्यांना साखरेचा अंदाज येत नाही म्हणे.

माया अशीच पाठव, फक्त अस्तर चाचपून.
तुझी दुर्गाताई