पिंकीची जन्मतारीख

चि. पिंकी,

आपल्या पवनेकाठच्या शाळेला शंभर वर्षं होताहेत, म्हणून तिचा इतिहास लिहायला बसलेय. देवळात भरलेला पहिला वर्ग, वादळात पत्रे उडालेलं वर्ष, सगळं लिहून झालं. 'शाळा एकदाही बंद पडली नाही' या वाक्याशी आठ दिवस अडलेय.

त्या वर्षी पट एकानं कमी होता. शाळा बंद होणार होती. तू साडेचार वर्षांची, भावामागं येऊन वर्गात बसायचीस. मी रजिस्टरात तुला सहा वर्षांची केलं. तारीख एक जून, आम्ही सगळ्यांची टाकायचो तीच.

बारा वर्षांनी तुझं लग्न ठरलं. मी तुझ्या वडलांना, आबांना म्हटलं, "पोर लहान आहे अजून."

"दाखल्यावर अठरा भरल्यात, बाई. सही तुमचीच हाय की."

मी लग्नाला आले. मांडवात जेवलेसुद्धा.

यंदाही पट एकानं कमी आहे. काल तुझी वहिनी साडेचार वर्षांच्या लेकीला घेऊन आली. "घ्या की बाई, पिंकीताईला घेतलं तसं."

मी त्यांना परत पाठवलं. मग घरी येऊन 'शाळा एकदाही बंद पडली नाही' हे वाक्य खोडलं.

हे पत्र टाकायचा धीर होत नाही. रजिस्टरातच ठेवतेय, तुझ्या पानावर.

तुझी
हुमेरा बाई