लाल पिनेनं खाल्लेलं वर्ष

सोमवार, संध्याकाळ

तळपायाची आग मस्तकात गेली आहे, म्हणून लिहायला बसलो. बायकोच्या थोरल्या भावाचं भारूड आमच्या जुन्या, तळहाताएवढ्या व्हिडिओ प्लेअरमध्ये आहे. तो वारल्यापासून हिचा एकच धोशा, दादाला मोठ्या टीव्हीवर बघायचंय. काचबिंदूनं हिची नजर आटत चाललेली, त्या एवढ्याशा पडद्यावर काय दिसणार?

वर्षापूर्वी आमच्या विलासनं वायर जोडून पाहिली. टीव्ही काळाच. "आबा, डबडं मेलंय. फेका." नागापूरच्या कारखान्यात एवढाल्या मशिनी चालवणारा पोरगा म्हणतोय, म्हणजे खरंच असेल. मी ऐकलं. चुकलं माझं.

आज फेकायच्या आधी शेवटचं म्हणून जोडलं. पिवळी पिन पिवळ्या भोकात, लाल लालमध्ये. काळाच. म्हटलं, रंग गेले खड्ड्यात. लाल पिन पिवळ्या भोकात खुपसली, आणि दादा टीव्हीभर नाचायला लागला! एवढंच हुतं. एक लाल पिन!

विलास कामावरून आला. "व्हय, काही वायरींचे रंग उलटे असत्यात," म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. म्हणजे माहीत होतं? मग करून का नाही पाहिलं? आणि मी तरी का नाही? बैल गेला आन् झोपा केला.

ही टीव्हीला नाक लावून उभी. वर्षापूर्वी हिला टीव्हीवरची तोंडं ओळखू येत होती. "कायतरी पांढरं हलतंय ओ. दादा हसतोय का?"

"व्हय, लई हसतोय," म्हणालो. दात अजून आवळलेलेच होते.