दोन बॉक्सच्या मधोमध

बा, तुले काही आठवत नसनच. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा तू. लग्नघरी लाउडस्पीकर लावायला जायचास आणि माईक तिथंच विसरून यायचास. मेल्यावर काय सुधारला असशील! म्हणून मीच आठवण देते. सांगते मी, लिहिते नातसून. ती माझं बोलणं शाळेतल्या मराठीत बसवते, मधूनमधून मी तिच्या हातून निसटते.

तुझे स्पीकरचे दोन बॉक्स अजून माझ्या घरात आहेत. धंदा बंद केलास तेव्हा "भावांले घर, तुले आवाज" म्हणून दिलेस, तेच. आज नातू हिंगण्याला कामावर जाताना म्हणाला, "आजी, संध्याकाळी कबाडीवाला येऊन राहिला. हे वाजत तं नाही, जागा काहून अडवायची?" उंदरानं तार कुरतडली, त्यात बॉक्सचा काय दोष? मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत वाजले तर?" तो हसला. "तं राहू देऊ." तेव्हापासून माझं बूड एका जागी टेकत नाही.

तार घेऊन बसले. तू दातानं सोलायचास, मलाही तेच शिकवलंस. आता दात कुठून आणू? नेलकटरनं सोलली. आतले तांब्याचे केस मोकळे झाले आणि मी पुन्हा परकरातली. तू मांडवाच्या खांबावर चढून बॉक्स बांधतोयस, मी खाली जोड देतेय. दोन टोकं एकमेकांत गुंफायची, वेणीसारखी घट्ट पिळायची. दोन जोड शेजारी ठेवायचे नाहीत; एक पुढं, एक मागं, मग वरून चिकटपट्टी. एकदा एक केस बाहेर राहिला, शेजारच्या तारेला लागला, आणि ऐन अक्षतांच्या वेळी मशीन गप्प. तू ओरडलास, "वं पोरी, केस न विंचरता शाळेत जाते का कोणी?" मी म्हटलं, "शाळेत धाडतोस कुठं गा?" मशीन लवकर बोलायला लागलं. घरी येताना पंगतीतली बुंदी रुमालात बांधून सगळी मलाच दिलीस.

अक्षर नाही, पण तार वाचायला शिकवलीस. दोन तारांपैकी एकीच्या वरच्या प्लास्टिकला धार असते, अंगठ्याला लागते. ती दोन्ही बॉक्सला लाल खाचेत. एकीकडे उलटी पडली तर बॉक्स सासू-सुनेसारखे बोलतात, एक पुढं ओढते, एक मागं. पारख तुझीच: मधोमध बस, डोळे मिट, गाणं रिकाम्या जागेतून आलं पाहिजे.

दुपारी गाणं लावलं, आणि बॉक्स वाजले! मी मधोमध खुर्ची टाकली. गाणं डावीकडूनच. जोड उलगडले, धार चाचपली, पुन्हा पिळले. तरी डावीकडूनच. नातसून वैतागली, "आजी, वाजून तं राहिले ना!"

"वाजणं आणि जुळणं एक असते का वं? बस इथं."

ती बसली, डोळे मिटले. "हे तं मधातून येऊन राहिलं, आजी. समोर कोणी उभं राहून गाते जसं."

मी पट्टी गुंडाळली. दोष तारेत नव्हता. फोन उजव्या कानाला लावला की सगळे हळू बोलतात, असं मी दिवाळीपासून म्हणतेय. आता लिहिता लिहिता तिचा हात थांबलाय. लिही वं, पाहतेस काय? नवऱ्याला एवढ्यात सांगू नको. कानाच्या डॉक्टरच्या गडबडीत कबाडीवाला डाव साधेल.

नातू आला. त्याला त्याच खुर्चीत बसवलंय. बूटही काढले नाहीत, डोळे मिटून बसलाय. कबाडीवाला फाटकाशी हाका मारतोय, हा उठत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, बॉक्सच्या मागं खोचते. स्वप्नात आलास तर उजवीकडून हाक मारू नको गा. मी ओ दिली नाही तर विसरली म्हणशील. डावीकडून ये. यायला जमलं नाही तर कोणाच्या हाती रुमालात बुंदी पाठव. पाकातली, ओली. शेव नको, दात तुझ्या तारांनी खाल्ले.