सायकलचं दुसरीकडे जुळलंय

तीर्थरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (हा साष्टांग नेहमीसारखा कागदी समजू नये. कंबर धरल्यामुळे मी खरोखरच जमिनीवर पालथा पडून हे पत्र लिहितो आहे. दुसऱ्या कुठल्याही अवस्थेत ती मला लिहू देत नाही.) तुमची प्रकृती उत्तम असणार, ती नेहमीच असते. वहिनींच्या गुडघ्याला आराम पडला का ते कळवा. इकडे तुमची बहीण ठणठणीत आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. तुमच्या आई मजेत आहेत. त्यांच्याबद्दल पुढे येईलच. खरं म्हणजे हे सगळं पत्र त्यांच्याबद्दलच आहे, पण ते मलाही परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं, तेव्हा तुम्हीही जरा दम धरा.

माझ्या रक्तातली साखर वाढल्याचं ऐकून तुम्ही सायकलचा तो ट्रेनर पाठवलात. तुमच्याकडे तसाच आहे आणि त्यावर तुम्ही रोज पहाटे डोंगर चढता, हे तुमच्या फोटोंवरून आम्हाला कळतच असतं. सायकलचं मागचं चाक काढायचं, उरलेली सायकल त्या यंत्रावर चढवायची आणि खोलीतल्या खोलीत पेडल मारत बसायचं, इथवर मला समजलं. पुढची गोष्ट मात्र डोक्यावरून गेली. ते यंत्र म्हणे बिनतारी पद्धतीने फोनला जोडायचं. मग आपण इथे पेडल मारलं की फोनच्या पडद्यावर लाल हेल्मेटवाला एक छोटा माणूस सायकल चालवू लागतो. त्याला चढ लागला की आपलं पेडल जड, त्याला उतार लागला की आपलं हलकं. म्हणजे घाम आमचा आणि हवापालट त्याचा! तरीही मी म्हटलं, चला, घरातल्या कोणाचा तरी प्रवास होतोय.

पण तो कसला होतोय! एक दिवस फोन आणि सायकल अशी जुळायची की जणू गेल्या जन्मीची ओळख, आणि दुसऱ्या दिवशी फोन म्हणायचा, आसपास सायकल सापडत नाही. (मी तिच्यावर बसलेलो होतो.) मग त्याने माझं ठिकाण विचारायला सुरुवात केली. आपण कुठे आहात हे मला कळू द्याल का, असं तो वारंवार विचारी. आता मागच्या चाकाशिवायच्या सायकलवर बसलेला माणूस कुठे जाऊन जाऊन जाणार? तरी दिली परवानगी. फरक शून्य. कधी सकाळी जुळे, दुपारी तुटे. कधी दुपारी जुळे आणि मी शिंकलो की तुटे. अशा वेळी माणसाची बुद्धी चळते, दादा. ज्या दिवशी जुळलं त्या दिवशी मी बगलेत फाटलेला राखाडी बनियन घातला होता, हे लक्षात आल्यावर मी तोच घालू लागलो. तो धुतला की जोडणी जाईल अशा भीतीने धुवायलाही देईना. तुमच्या बहिणीचं बोलणं कमी झालं ते तिथपासून.

शेवटी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या बाई अतिशय गोड. त्यांनी मला सायकल बंद करून चालू करायला सांगितली, फोन बंद करून चालू करायला सांगितला, आणि मग म्हणाल्या की घरातल्या इतर उपकरणांच्या लहरी मध्ये येत असतील, तर ती एकेक करून बंद करून बघा. मी म्हटलं, एकेक कशाला? मायक्रोवेव्ह, टीव्ही, फ्रिज आणि इंटरनेटचा राउटर, सगळ्यांचीच बटणं दाबली. त्याच वेळी पलीकडच्या खोलीत तुमची बहीण विमा कंपनीतल्या बढतीसाठी वरिष्ठांना ऑनलाइन मुलाखत देत होती. या पदासाठी तुम्हालाच का निवडावं, असा त्यांचा प्रश्न होता. ती म्हणाली, ‘कारण कुठलीही अडचण आली तरी मी...’ आणि राउटर गेला. (बढती तिला मिळाली, हे आधीच सांगून टाकतो. ती अडचणीत कशी वागते ते त्यांनी नंतर प्रत्यक्षच पाहिलं म्हणे. मी पाहिलं ते त्यांच्याही आधी.)

हे सगळं करून फोन सुरू केला, तर त्यावर नवीनच वाक्य आलं: ही सायकल दुसऱ्या उपकरणाशी जोडलेली आहे. दादा, माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे इतके दिवस मी इकडे लहरींना दोष देतोय आणि हिचं बाहेर जुळलंय! दुसरं उपकरण कोणाचं असणार? माझा संशय सरळ वरच्या मजल्यावर गेला. तिथे एक दातांचे डॉक्टर राहतात. माणूस सडपातळ, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारा, आणि कष्ट केल्याशिवाय कोणी इतकं सडपातळ राहत नाही, तेव्हा ते कष्ट माझेच असले पाहिजेत असा मी हिशेब मांडला. खांद्यावर टॉवेल, अंगात तोच बनियन, अशा थाटात वर गेलो आणि ब्लूटूथची चोरी होते आहे असं दारातच ठणकावलं. त्यांनी त्यातला ‘टूथ’ एवढा अर्धा शब्द धरला आणि मला आत नेऊन खिडकीपाशी बसवलं. आ करा म्हणाले. मी भांडायला आ केलाच होता. त्यांच्याकडे सायकल नव्हती. एक पळायचं यंत्र होतं, त्यावर ओल्या चादरी वाळत घातल्या होत्या. खाली आलो तो माझी डावीकडची दाढ किडली आहे एवढं नवं ज्ञान घेऊन. (पुढच्या आठवड्यात काढायची आहे. सायकलचा प्रश्न तसाच.)

रागाच्या भरात मी सायकलवर बसलो. जोडणी नाही तर नाही, फोन बाजूला फेकला आणि नुसतीच पेडलं हाणली. तेवढ्यात भिंतीपलीकडून आईंचा आवाज आला, ‘हां, आत्ता कसा निघाला!’

मी दचकून थांबलो.

‘थांबला मेला परत.’

मी जोरात पेडल मारलं. ‘अरे हळू, वळण आहे!’

मी उतरलो आणि पाय न वाजवता त्यांच्या खोलीत गेलो. तुम्हाला माहीतच आहे, खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या पलंगावर आहेत. आपण होऊन काही मागत नाहीत, विचारलं तर सगळं छान आहे म्हणतात. उशांना टेकून बसल्या होत्या, मांडीवर टॅबलेट. त्या टॅबलेटवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, लाल हेल्मेटवाला एक पाय टेकून उभा. उलगडा असा झाला की पहिल्या दिवशी तुमच्या बहिणीने सायकल त्या टॅबलेटला जोडून पाहिली होती, आणि नंतर तो आईंना मालिका बघायला देऊन टाकला. आईंनी मालिकेऐवजी शेजारचं चित्र दाबलं. सायकल सापडली आहे, जोडू का, असं त्याने विचारलं. आई होय म्हणाल्या. (आपल्याला कोणी इतक्या अदबीने विचारलं तर नाही म्हणू नये, असं त्यांचं मत.) तेव्हापासून त्या जाग्या असल्या की सायकल त्यांची, त्यांचा डोळा लागला की माझी. माझ्या बनियनचा कशाशी काही संबंध नव्हता.

‘ही मालिका बरी आहे,’ त्या मला सांगू लागल्या. ‘कोणी रडत नाही, कोणी कोणाला विष देत नाही. फक्त हा माणूस भारी आळशी. पुढे एक बोगदा आहे, काल अगदी त्याच्या तोंडाशी गेला आणि थांबला, आज पुन्हा पहिल्यापासून. पलीकडे काय आहे तेवढं बघायचं होतं.’

दादा, तो आळशी मी आहे हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. (दाढही दुखत होती.) पण त्या पडद्याकडे अशा बघत होत्या, की मला काय झालं कोण जाणे, मी बघतो म्हणालो, आणि परत येऊन सायकलवर बसलो. समोर माझ्या फक्त भिंत आणि तिच्यावरचा ओलीचा डाग. रस्ता सगळा भिंतीपलीकडे. पेडल जड झालं की मी दात आवळायचो, आणि मग आवाज यायचा, चढ आहे हो, सोडू नको रे बाबा. हलकं झालं की, आता डावीकडे होड्या दिसताहेत, एक निळी आहे. असं करत करत बोगदा आला. तो किती लांब होता मला कळलं नाही, आई त्या वेळात एक अक्षर बोलल्या नाहीत. माझी कंबर गेली ती बहुधा तिथेच. मग एकदम त्या ओरडल्या. मला वाटलं पडल्या. धावत गेलो, तर डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. बोगद्यापलीकडे काही विशेष नव्हतं. उन्हातला एक साधा रस्ता, बाहेर मांडलेल्या खुर्च्या, एक कुत्रं. ‘किती दिवसांनी कुठेतरी पोचले,’ त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट बघितलं, मी घामाने निथळत होतो. पडद्यावरचा थांबलेला. त्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाल्या, ‘मग काल बोगद्याच्या तोंडाशी का थांबलात?’

कुरिअरवाला आला होता म्हणून उतरलो, एवढंच उत्तर सुचलं. त्यांना ते पटलेलं नाही. आता सकाळी किती वाजता निघायचं ते त्या ठरवतात आणि मी निघतो. माझा फोन जोडायचा नाद मी सोडला आहे. साखर उतरली का ते अजून तपासलेलं नाही, आणि व्यायाम नेमका कोणाचा होतो हेही मला नीटसं सांगता येणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा

ता. क. ट्रेनरमध्ये काही बिघाड नव्हता. मदत केंद्राच्या बाईंना तसं कळवलं, तर त्या म्हणाल्या, मग तक्रार बंद करू का? मी आईंना विचारून सांगतो म्हणालो.

ता. क. २. आता मुख्य काम. या पडद्यावर दुसऱ्या गावचा माणूसही शेजारून सायकल चालवताना दिसतो, असं आईंनी कुठूनसं शोधून काढलं आहे. काल त्यांनी विचारलं, यात आपला थोरला दिसेल का? तुम्ही कामात असता, इकडे यायला जमत नाही, याची त्यांना कल्पना आहे. तेव्हा यायचं राहू द्या. रविवारी सकाळी तेवढे सायकलवर बसा आणि समुद्राच्या रस्त्याला लागा. आम्ही तिथे असू.

ता. क. ३. फक्त कृपा करून हळू चालवा. तुम्ही पुढे निघून गेलात तर त्या मला तुमच्या मागे पळवतील, आणि माझी कंबर अजून पालथीच आहे. शिवाय त्यांना तुमच्याकडे नीट बघायचं आहे.